गळती कोणत्या मजल्यावर?

२००५ साली जपानमधल्या नारा इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत ताकाशी फुयुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या सौरघटांचे फोटो काढले आणि ते ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकात छापले. सौरघटावर प्रकाश पाडायचा आणि वीज घ्यायची, हा नेहमीचा रिवाज. इथे सगळा मामला उलटा होता. खोलीत अंधार केला, घटालाच बाहेरून वीज दिली आणि समोर थंड केलेला सीसीडी कॅमेरा लावला. घटातून प्रकाश निघाला. डोळ्यांना अर्थातच काही दिसलं नाही, कारण सिलिकॉनचा प्रकाश ११५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे अवरक्त असतो. कॅमेऱ्यालाही त्याची जेमतेम एक कड पकडता येते. पण तेवढी पुरली. फोटोत स्फटिकांचे कण उजळ दिसत होते, त्यांच्यामधल्या सीमारेषा काळ्या दिसत होत्या, आणि जिथे माल सदोष होता तिथे मळकट डाग उमटले होते. हीच माहिती मिळवायला त्याआधी लेसरचा बारीक ठिपका घटावर ओळीओळीने फिरवत, प्रत्येक जागी किती वीज निघते याची नोंद करत बसावं लागे. फुयुकींना ती एका फोटोत मिळाली.

या फोटोमागचं विज्ञान मात्र सौरघटाच्याही आधीचं. १९०७ साली मार्कोनी कंपनीत काम करणाऱ्या हेन्री राउंड या इंग्रज तंत्रज्ञाने ‘इलेक्ट्रिकल वर्ल्ड’ला एक छोटंसं पत्र पाठवलं होतं: कार्बोरंडमच्या खड्याला दहा व्होल्ट लावले, तर पिवळसर उजेड पडतो. कोणी फार लक्ष दिलं नाही. पुढे १९२०च्या दशकात रशियात निझ्नी नोवगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत ओलेग लोसेव या तरुणाने त्याच उजेडाचा चिवटपणे पाठपुरावा केला, लेखांमागून लेख लिहिले. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने त्याचा अंत झाला. तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती. आज घराघरांत एलईडी दिवे आहेत, पण लोसेवचं नाव अभ्यासकांपलीकडे फारसं कोणाला ठाऊक नाही.

अर्धवाहकात वीज गेली की प्रकाश निघतो आणि प्रकाश पडला की वीज निघते. या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे नीट मांडलं गेलं ते १९६१ साली. बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी पहिला कामाचा सिलिकॉन सौरघट दाखवला होता १९५४ मध्ये. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के. मग प्रश्न आला, ही मजल जास्तीत जास्त कुठवर जाईल? ट्रान्झिस्टरवाले विल्यम शॉकली आणि त्यांच्याकडे काम करणारे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हान्स क्वाइसर यांनी हिशेब मांडला. त्यांनी घटातले टाळता येण्याजोगे सगळे तोटे शून्य धरले. तरी काही तोटे उरतातच. त्यांतला कळीचा असा: जो पदार्थ प्रकाश शोषतो, त्याला प्रकाश परत सोडावाही लागतो. निसर्गनियमच तो. म्हणजे सर्वोत्तम घट कोणता, तर ज्याच्यात सुटे झालेले इलेक्ट्रॉन परत जागेवर पडताना वाया जाणारी ऊर्जा प्रकाशाच्याच रूपाने जाते, उष्णतेच्या रूपाने अजिबात जात नाही. चांगला सौरघट हा चांगला दिवाही असला पाहिजे, हा आता या क्षेत्रात सर्वमान्य झालेला विचार याच हिशेबातून निघतो. त्यांचा लेख पहिली अनेक वर्षं जवळपास दुर्लक्षित राहिला. आज सौरघटांवरच्या व्याख्यानात या दोघांचं नाव आलं नाही, असं क्वचितच घडतं.

त्या हिशेबाने एक गोष्ट पक्की केली. एकाच पदार्थाच्या घटाला मर्यादा आहे. सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा आता २९.४ टक्के मानली जाते. सूर्यप्रकाशातल्या निळ्या फोटॉनमध्ये ऊर्जा भरपूर, तांबड्यात कमी, आणि सिलिकॉन दोघांना एकाच भावाने घेतो. निळ्यातली जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. यावर उतारा लवकरच सुचला होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ई. डी. जॅक्सन यांनी १९५५ च्या सुमारास तो मांडला आणि १९६० साली त्याचं पेटंट मिळवलं: घट एकावर एक रचायचे. वरचा निळा-हिरवा प्रकाश घेईल, तांबडा-अवरक्त खाली सोडेल, आणि तो खालचा घेईल. हाच टँडम.

कागदावर सोपं होतं. करून दाखवायला तीस वर्षं गेली. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डन इथे सौर ऊर्जा संशोधन संस्थेत (तीच पुढे एनआरईएल झाली) जेरी ओल्सन यांनी १९८४ च्या सुमारास गॅलियम आर्सेनाइडवर गॅलियम-इंडियम फॉस्फाइडचा थर चढवायला घेतलं. पुढे सारा कुर्ट्झ त्यांना येऊन मिळाल्या. वरचा पदार्थ प्रकाश जरा जास्तच ओढून घेत होता, खालच्याच्या वाट्याला पुरेसा उरत नव्हता. मग त्यांनी वरचा थर मुद्दाम पातळ केला, म्हणजे थोडा प्रकाश खाली झिरपेल. १९९४ पर्यंत त्यांनी २९.५ टक्के गाठले. पुढे तिसरा, जर्मेनियमचा थर घातलेले याच घराण्यातले घट ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपर्च्युनिटी’ या यानांबरोबर २००४ साली मंगळावर उतरले. ओल्सन आणि कुर्ट्झ यांना २००७ चा डॅन डेव्हिड पुरस्कार मिळाला.

पातळ थराची ही युक्ती का लागली, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे. टँडममधले घट एकामागोमाग एक जोडलेले असतात. दोघांतून एकच विद्युतप्रवाह वाहतो. ज्याचा प्रवाह कमी, त्याचाच हुकूम चालतो. दोघांच्या व्होल्टेजची मात्र बेरीज होते. बाहेरून पाहणाऱ्याला दोनच तारा दिसतात, एक वर, एक खाली. मीटर लावला तर बेरीज कळते. पेरोव्हस्काइट (या नव्या पदार्थाकडे पुढे येऊच) आणि सिलिकॉनचा आजचा टँडम घ्या: वरच्याचे सुमारे सव्वा व्होल्ट, खालच्याचे सुमारे पाऊण, मिळून दोनच्या आसपास. समजा मीटरवर पन्नास मिलिव्होल्ट कमी भरले. ते वर गेले की खाली? मधे तार खुपसायला जागा नाही, कारण दोन घटांना जोडणारा थर जेमतेम दहा-वीस नॅनोमीटरचा असतो. मुंबई-पुण्यातल्या सोसायटीत भिंतीला ओल आली की वरचा खालच्याकडे बोट दाखवतो आणि खालचा वरच्याकडे, तशातलीच ही गत.

पहिला उपाय प्रकाशानेच निघाला. १९८०च्या दशकात अमॉर्फस सिलिकॉनच्या टँडमवर काम करणाऱ्यांनी एक शिरस्ता बसवला. वरच्या घटाची परीक्षा घ्यायची तर खालच्यावर अवरक्त प्रकाश भरपूर ओतायचा, म्हणजे त्याचा प्रवाह कधीच कमी पडणार नाही आणि अडवेल तो वरचाच. खालच्याची घ्यायची तर वर निळा प्रकाश. मग एका बारीक किरणाने तरंगलांबी बदलत मोजमाप करायचं. पद्धत खरी, आजही रोज वापरतात. पण ती प्रवाहाबद्दल बोलते. व्होल्टेज कुठे हरवतं, यावर तिची वाचा बंद होते.

दुसरा उपाय उष्णतेचा. जर्मनीत हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेत ओटविन ब्राइटनस्टाइन यांनी सौरघटातल्या गळत्या त्यांच्या उबेवरून शोधण्याची पद्धत वर्षानुवर्षं घासूनपुसून बसवली. घटात कुठे शंट असेल, म्हणजे वीज आडवाटेने पळत असेल, तर तिथे किंचित गरम होतं. किती किंचित? मिलिकेल्विनच्याही आतला फरक. साध्या थर्मल कॅमेऱ्याच्या गोंगाटात तो बुडून जातो. म्हणून घटाला वीज ठरावीक तालावर चालू-बंद द्यायची, कॅमेऱ्याने हजारो चौकटी घ्यायच्या आणि त्याच तालात चढउतार करणारी ऊब तेवढी गाळून घ्यायची. पुरेसा वेळ दिला तर दहा-वीस मायक्रोकेल्विनपर्यंतचा फरक फोटोत उमटतो. शंट शोधायला याच्याइतकं भरवशाचं साधन दुसरं नाही, असं माझं मत आहे. पण टँडमपुढे त्याचाही नाइलाज होतो. दोन घटांत अंतर काही मायक्रोमीटरचं. एकाची ऊब दुसऱ्यात मुरलेली असते. कोणत्या जागी गळतंय ते कळतं, कोणत्या मजल्यावर ते कळत नाही.

मजला सांगतो तो रंग. हा या इतिहासातला सगळ्यांत देखणा भाग आहे.

टँडमला वीज दिली की प्रत्येक घट आपापल्या रंगात उजळतो. गॅलियम-इंडियम फॉस्फाइड तांबडा, चक्क डोळ्यांना दिसेल असा. गॅलियम आर्सेनाइड ८७० नॅनोमीटरच्या आसपास, जर्मेनियम आणखी खाली अवरक्तात. पेरोव्हस्काइट ७५० च्या जवळ, सिलिकॉन ११५० ला. कॅमेऱ्यापुढे एक गाळणी लावली की फक्त वरचा घट दिसतो, ती बदलली की फक्त खालचा. वर शंट असला तर तिथे वरच्या चित्रात काळा ठिपका येतो. आणि वीज त्या भोकाकडे ओढली गेल्यामुळे नेमक्या त्याच जागी खालच्या चित्रात उजळ ठिपका दिसू शकतो. दोन चित्रं शेजारी ठेवली की कोण दोषी ते कळतं.

तरीही उजळ-मंद म्हणजे नेमके किती व्होल्ट, हा प्रश्न उरतोच. त्याचा पाया कार्ल्सरूहच्या पेटर व्युर्फेल यांनी १९८२ साली घातला होता: अर्धवाहकातून निघणारा प्रकाश आतल्या व्होल्टेजबरोबर घातांकी वाढतो. साध्या तापमानाला व्होल्टेज १८ मिलिव्होल्टनी वाढलं की प्रकाश दुप्पट, ६० नी वाढलं की दहापट. व्होल्टमीटरवर नगण्य वाटणारा फरक फोटोत ठळक दिसतो, तो यामुळे. २००७ साली उवे राऊ यांनी त्याच्यावर कळस चढवला. ते तेव्हा श्टुटगार्टहून युलिशला जाण्याच्या बेतात होते. त्यांनी दाखवून दिलं की घट दिवा म्हणून किती आणि कोणता प्रकाश सोडतो आणि सौरघट म्हणून कोणता प्रकाश किती वापरतो, या दोन मापांत पक्कं नातं आहे. एक माहीत असेल तर दुसरं काढता येतं. लेख गणिती आणि रुक्ष आहे, पण प्रयोगशाळेतल्या माणसाला त्याने घटाच्या पोटात शिरायची वाट करून दिली.

पुढच्याच वर्षी, २००८ साली, थॉमस किर्शार्ट्झ, राऊ आणि त्यांच्याबरोबर फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेतले मार्टिन हर्मले, आंद्रेआस बेट वगैरे मंडळींनी तीन मजली घट हाती घेतला. त्याला वेगवेगळा प्रवाह देऊन तिन्ही रंगांतला प्रकाश मोजला. राऊंच्या नात्यावरून प्रत्येक मजल्याचं व्होल्टेज निघालं, पण एका अज्ञात स्थिरांकाच्या फरकाने, कारण यंत्रात प्रकाश किती पोचला आणि किती हरवला ते नेमकं ठाऊक नव्हतं. इथे मीटरची बेरीज कामी आली. तिन्ही व्होल्टेजांची बेरीज बाहेरच्या मापाइतकी भरलीच पाहिजे. त्या अटीवर स्थिरांक ठरला आणि तिन्ही आकडे सुटे झाले. वीस-पंचवीस वर्षं ज्या घटांचा एकूण आकडा तेवढा ठाऊक होता, त्यांच्या पोटातला हिशेब मधे तार न खुपसता हाती आला. फ्रायबुर्गच्या मंडळींनी जानेवारी २००९ मध्ये एकवटलेल्या प्रकाशात ४१.१ टक्क्यांचा जागतिक विक्रम जाहीर केला, त्याची बातमी जगभर झळकली. किर्शार्ट्झ यांच्या लेखाची बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात आली नसावी. मला विचाराल तर टिकाऊ काम ते होतं.

एव्हाना सिडनीत दुसरी एक वाट निघाली होती. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात थॉर्स्टन ट्रुप्के, रॉबर्ट बार्डोस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली वीज द्यायचीही गरज काढून टाकली. सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे ज्या पातळ चकतीपासून घट बनतो तिच्यावर, लेसरचा प्रकाश पसरायचा आणि त्याच्यातून परत निघणारा प्रकाश टिपायचा. तारा नाहीत, स्पर्श नाही, त्यामुळे घट तयार व्हायच्या आधीच, कच्च्या वेफरवर तपासणी करता येते. ट्रुप्के आणि बार्डोस यांनी यावर कंपनीही काढली, आणि सिलिकॉनच्या कारखान्यांत ही यंत्रं पोचली. टँडमसाठी या पद्धतीत आणखी एक सोय आहे. निळा लेसर वरच्या थरातच मुरतो, अवरक्त लेसर वरचा थर ओलांडून थेट खाली जातो. ज्याला जागं करायचं त्यालाच करता येतं. पॅरिसजवळ अमोरी देलामार, लोराँ लोम्बेझ आणि जाँ-फ्रान्स्वा गिलेमोल यांनी एक पाऊल पुढे टाकलं: चित्राच्या प्रत्येक बिंदूवर अख्खा वर्णपट नोंदवायचा आणि तोही मोजलेल्या, निरपेक्ष एककांत. मग स्थिरांकाची ती अडचणही उरत नाही. प्रत्येक बिंदूचं व्होल्टेज सरळ वाचता येतं.

ही सगळी हत्यारं तयार झाली तेव्हा त्यांना खरं काम देणारा पदार्थ नुकताच रांगू लागला होता. २००९ साली योकोहामात त्सुतोमू मियासाका यांच्या प्रयोगशाळेत पेरोव्हस्काइटचा पहिला सौरघट झाला, ३.८ टक्क्यांचा. सहा वर्षांत तो सिलिकॉनच्या डोक्यावर चढला. २०१५ मधल्या पहिल्या एकसंध टँडमने १३.७ टक्के दिले, म्हणजे साध्या सिलिकॉनपेक्षाही कमी. घट वाईट आहे हे सगळ्यांना दिसत होतं. कुठे वाईट आहे ते कळणं महत्त्वाचं होतं.

पेरोव्हस्काइटचे रोग त्याचे स्वतःचे. द्रावण फिरवून पसरलेल्या थरात मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेघा उमटतात. धुळीचा एक कण पडला तर त्याच्यामागे शेपटीसारखा ओरखडा निघतो. खालच्या सिलिकॉनवर काही मायक्रोमीटर उंचीचे पिरॅमिड कोरलेले असतात आणि वरचा थर त्याहून पातळ, त्यामुळे टोकं उघडी पडली की शंट तयार. फोटोत हे सगळं स्पष्ट दिसतं. पण या पदार्थात आयन सरकतात; वीज दिल्यावर काही मिनिटांत चित्रच बदलू लागतं. सिलिकॉनचा फोटो सावकाश काढला तरी चालतो. पेरोव्हस्काइटच्या बाबतीत कधी काढला हेही लिहून ठेवावं लागतं, नाहीतर दोन प्रयोगशाळांची चित्रं एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत मोठा दोष मात्र कुठल्याच डागात नव्हता. २०१८ साली पॉट्सडॅम विद्यापीठात मार्टिन श्टोल्टरफोट आणि सहकाऱ्यांनी निरपेक्ष प्रकाशचित्रं वापरून थर एकेक करून तपासले. काचेवरचा नुसता पेरोव्हस्काइट चांगला उजळ होता. त्याच्यावर इलेक्ट्रॉन ओढून घेणारा सी-६० चा थर चढवला की अख्खं चित्र मंद व्हायचं. म्हणजे माल चोख, व्होल्टेज मरत होतं ते सांध्यावर. त्यांनी मधे लिथियम फ्लोराइडचा अतिपातळ पडदा घातला आणि एक चौरस सेंटिमीटरच्या घटावर २० टक्क्यांची मजल गाठली. पुढच्या विक्रमांची यादी पाहिली तर प्रयत्नांचा मोठा रोख या सांध्यांवरच दिसतो. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने लिथुआनियातल्या काउनासमध्ये घडवलेला रेणूंचा एकपदरी थर खालच्या सांध्यात वापरून २०२० साली २९.१५ टक्के गाठले. त्याच केंद्राने वरच्या पृष्ठभागावर पिपरेझिनियम आयोडाइडचा उपचार करून २०२२ अखेर ३२.५ वर नेले. मग सौदी अरेबियाचं किंग अब्दुल्ला विद्यापीठ ३३.२ वर, आणि चीनची लाँगी कंपनी २०२३ मध्ये ३३.९, २०२४ मध्ये ३४.६, एप्रिल २०२५ मध्ये ३४.८५ वर.

आपल्याकडे हे काम मुंबईत पवईला चालतं. आयआयटीत २०१० साली राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्र सुरू झालं. तिथल्या मंडळींनी गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेबरोबर २०१३ पासून काही फेऱ्यांत देशभर फिरून उन्हात तळणाऱ्या पॅनेलांची पाहणी केली. थर्मल कॅमेरे आणि अंधारात वीज देऊन काढलेले फोटो, दोन्ही त्यांच्या सामानात होते. वरून धडधाकट दिसणाऱ्या पॅनेलमधले बारीक तडे असल्याच फोटोत सापडतात. ती पॅनेलं एकमजली. टँडममध्ये पवईने चार टोकांच्या रचनेवर बरंच काम केलं आहे: वरच्या घटाच्या दोन तारा वेगळ्या, खालच्याच्या वेगळ्या. तारा वाढतात, खर्च वाढतो. पण प्रवाह जुळवायची कटकट राहत नाही, आणि कोण किती देतो ते साध्या मीटरवर कळतं. निदानाच्या सोयीपुरतं बोलायचं तर ही रचना मला जास्त शहाणपणाची वाटते. बाजार मात्र सध्या दोन टोकांच्या रचनेकडे झुकलेला आहे, आणि तिला फोटोंशिवाय गत्यंतर नाही.

आता हे फोटो प्रयोगशाळेतून कारखान्याच्या पट्ट्यावर यायला हवेत, आणि तिथे घटाला क्षणभरापेक्षा जास्त थांबता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने आपली टँडम पॅनेलं पहिल्यांदा व्यापारी पद्धतीने अमेरिकेतल्या ग्राहकाला पाठवली. घट ब्रांडेनबुर्गच्या कारखान्यातले, एका पॅनेलमध्ये ७२, आणि कार्यक्षमता २४.५ टक्के. लाँगीचा ३४.८५ चा विक्रम नखाएवढ्या, सुमारे एक चौरस सेंटिमीटरच्या घटावरचा आहे. २६० चौरस सेंटिमीटरच्या घटावर त्याच कंपनीने ३३ टक्के जाहीर केले आहेत. तेव्हा टँडमच्या पुढच्या विक्रमाची बातमी वाचताना टक्क्यांच्या आधी घटाचं क्षेत्रफळ पाहा, आणि बातमीत ते दिलेलं नसेल तर तिच्यावर फार विसंबू नका.